मेंढीच्या कपाळाची हळद

सातव्या चिठ्ठीवर सुलक्षणाचा हात थांबला. सहा नावं तिनं निळ्या स्केचपेननं झोकात लिहून काढली होती. शिबिराला येणाऱ्या मुलींच्या ओढणीला टाचायच्या चौकोनी चिठ्ठ्या त्या, पोरींनी एकमेकींना ‘ए’ आणि ‘अगं’ न करता नावानं हाक मारावी म्हणून. सातवं नाव होतं पूनम मल्हार कोळपे, मुक्काम कवठे येमाई. ‘पूनम’ लिहून झालं, ‘मल्हार’मधला म लिहिला आणि पेनचं टोक तिथंच टेकून राहिलं, निळा ठिपका कागदात पसरत गेला. खालच्या झेरॉक्सच्या दुकानातलं यंत्र खटॅक-खटॅक करत होतं, नव्या पेठेतून रिक्षा जात होत्या, शेजारच्या टेबलावरून कुणीतरी चहा सांगत होतं, आणि तिच्या नाकात मात्र मेंढरांचा वास शिरला. लोकरीचा, लेंड्यांचा, उबट. पंधरा वर्षांत पुण्यात तो वास तिला असा कधी आला नव्हता. अगं, मल्हार काय एकच असतो का, तिनं स्वतःला समजावलं. धनगराच्या दर दुसऱ्या घरात एक मल्हार सापडेल. पण कवठे येमाईचा, कोळपे आडनावाचा, आणि अठरा वर्षांची पोर असलेला? तिनं ती चिठ्ठी चुरगाळून टाकली, दुसरी घेतली आणि दुसरीवर मात्र अक्षर जराही हललं नाही. माणूस किती तरबेज होतो बघा!

शिबिराची कल्पना तिचीच होती, हे आणखी एक. आदल्या वर्षी, दोन हजार पाचच्या उन्हाळ्याच्या तोंडाला, यवतजवळच्या कालव्यावर कवठ्याकडच्या धनगरांची आणि तिच्या माहेरच्या बागायतदारांची पुन्हा जुंपली. दगड झाले, काठ्या झाल्या, दोन्हीकडची पोरं दवाखान्यात पडली. भांडण जुनंच. शिवारात मेंढरांचा कळप येऊ द्यायचा नाही असा गावानं केलेला ठराव, आणि बापजाद्यांपासून त्याच रानांत मेंढरं बसवत आलेल्या माणसांनी तो न मानणं. पुढाऱ्यांच्या बैठका झाल्या, चहापाणी झालं, पुढं काही नाही. तेव्हा सुलक्षणानं ती नोकरी करत होती त्या पुण्यातल्या संस्थेच्या सभेत उभं राहून सांगितलं की बाप्यांचं बोलून झालंय, आता दोन्हीकडच्या तरण्या मुलींना एका खोलीत समोरासमोर बसवू. त्यांची कॉलेजं, त्यांच्या एसटीच्या वाटा या भांडणानं अडतात, तर त्यांना बोलू दे. फार छान बोलली होती ती. संस्थेच्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले होते. हे आपल्यालाच का सुचतंय, असं तिनं त्या वेळी स्वतःला विचारलं नाही. विचारायची सवयच मोडली होती.

शिवाजीनगरहून शिरूरची एसटी निघाली तेव्हा चिठ्ठ्यांचा गठ्ठा तिच्या पर्समध्ये होता. वाघोली गेली, लोणीकंद गेलं, कोरेगावच्या पुलावरून भीमा दिसली. हीच भीमा खाली दौंड तालुक्यात उतरते, आणि तिथून थोडं आत गेलं की तिचं माहेर. वडिलांचं, बापूसाहेबांचं घर, पुढं अंगण, मागं कालवा आणि कालव्याच्या पल्याड ज्वारीचं रान. मेंढरं बसवणं म्हणजे काय, हे पुण्यात तिला दर वेळी समजावून सांगावं लागे. ज्वारी निघाली की मोकळ्या रानात धनगराचा कळप रात्रभर बसवायचा. रानाला लेंडीखत मिळतं, धनगराला दाणे मिळतात. लिखापढी नाही, फक्त घरातल्या माणसाचा शब्द. आणि त्यांच्या घरची आणखी एक रीत होती. कळप रानात शिरायच्या आधी घरच्या बाईनं बांधावर जाऊन पुढच्या मेंढीच्या कपाळाला हळद लावायची. एकदा हळद लागली की तो कळप घरचा झाला, त्याला कुणी हुसकायचं नाही. आई दरवर्षी लावायची. मुक्ताबाईंच्या हातची हळद म्हणजे पक्कं काम, असं धनगर म्हणायचे.

एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत मुक्ताबाई घरी नव्हत्या. सगळं घर इंदापूरला लग्नाला गेलेलं, थोरला भाऊ विश्वजीत कामाला म्हणून दौंडला. सुलक्षणाची बारावीची परीक्षा तोंडावर, म्हणून ती एकटी मागं राहिलेली, सोबतीला धुरपदा म्हणून म्हातारी कामवाली, तिला धड ऐकूही येत नव्हतं. दिवस कलताना अंगणात खाकरल्याचा आवाज आला. खांद्यावर घोंगडी टाकून मल्हार उभा. त्याला ती लहानपणापासून ओळखत होती, म्हणजे जसं दरवर्षी येणाऱ्याला ओळखतात तसं.

“बापूसाहेब हायत का, ताई?”

“न्हाईत. लग्नाला गेलेत.”

“मालकीनबाई?”

“त्याबी गेल्यात.”

“आली का पंचाईत! मेंढरं कालव्यावर आनून हुबी केल्यात. औंदा गावानं ठराव केलाय म्हनत्यात, कळप येऊ द्यायचा न्हाई म्हून. आता शब्द कुनाचा घ्यायचा?”

“माझा घ्या,” सुलक्षणा म्हणाली.

एसटीत खिडकीशी बसून तिनं ते दोन शब्द पुन्हा ऐकले. ठराव तिला ठाऊक नव्हता असं नाही. दोनच दिवसांपूर्वी विश्वजीतनं जेवताना ताटावर हात आपटून सांगितलं होतं की औंदा रानात एक मेंढरू दिसलं तर तंगडी मोडीन. ठाऊक असून ती म्हणाली. का, तर एक बाप्या माणूस, मोठा, लेकराचा बाप, अंगणात उभा राहून तिला विचारत होता. सतरा वर्षांत त्या घरात तिला कुणी काही विचारलं नव्हतं, आमटीत मीठ किती घालू एवढंसुद्धा नाही. मग अंगात काय संचारलं कोण जाणे. ती देवघरातून हळदीची वाटी घेऊन स्वतःच बांधावर गेली. मल्हारची आई रतनबाई कडेवर तीन वर्षांची नात घेऊन उभी होती. तिनं हसून म्हटलं, “आज धाकली मालकीन व्हय!” सुलक्षणानं पुढच्या मेंढीच्या कपाळाला हळदीचं बोट ओढलं, आणि त्या पोरीनं टकामका बघत मान पुढं केली म्हणून तिच्याही कपाळाला लावलं. सगळे हसले. घरी येताना तिला फार बरं वाटत होतं. ते बरं वाटणंच तिला पुढं जन्मभर चावत राहिलं.

दिवस उगवायला विश्वजीत मोटारसायकलवर दोन दोस्तांना घेऊन परतला आणि कालव्यावरूनच त्यानं रानातला कळप पाहिला. आरडाओरडा ऐकून सुलक्षणा मागच्या दाराशी आली. मल्हार दोन्ही हात वर करून सांगत होता, “शब्द घेतलाय! घरात इच्यारलंय!” विश्वजीतच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. “कुनाचा शब्द? घरात काळं कुत्रं न्हाई, कुनाचा शब्द?” आणि मल्हारनं घराकडं पाहिलं. मागच्या दाराकडं, तिच्याकडं. ती एक पाऊल मागं सरकली आणि दाराच्या फळीआड झाली. बस्स, एवढंच तिनं केलं. पहिला फटका गुडघ्यावर बसला त्याचा आवाज फळीतून आला. मल्हार बोलणार तेवढ्यात फटका बसला, म्हणून तो नाव घेऊ शकला नाही, असं ती पंधरा वर्षं स्वतःला सांगत आली होती. पुन्हा डोकावली तेव्हा विश्वजीत आणि दोस्त निघून गेले होते, तो मातीत पडला होता, आणि रतनबाई, सख्खी आई, लेकाला तसाच टाकून पुढच्या मेंढीजवळ गेली होती आणि पदरानं तिचं डोकं पुसत होती. घासून घासून पुसत होती. सुलक्षणा चक्रावून गेली होती. अगं बाई, तुझा लेक तिथं तळमळतोय आणि तू मेंढीला काय कुरवाळतेस! पुढं पुण्यात, प्रशिक्षणांमध्ये, तिनं हा प्रसंग नाव-गाव न घेता पुष्कळदा सांगितला होता. या लोकांचा जनावरांवर पोटच्या पोरापेक्षा जास्त जीव असतो, याचा दाखला म्हणून. ऐकणारे माना डोलवायचे.

दुपारी घरचे परतले, पाठोपाठ हवालदार आला. “घरातल्या कुनी परवानगी दिलती का?” मुक्ताबाई म्हणाल्या, “कोन देनार? आम्ही घरात नव्हतो, आन् पोरगी अभ्यासाला बसलेली.” बापूसाहेबांनी तिच्याकडं पाहिलं आणि तिनं मान हलवली. कशी हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाच कळलं नाही, पण हवालदारानं लिहून घेतलं. खरं सांगितलं असतं तर पुढं काय झालं असतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. घरात एकटी असताना, दिवस बुडायला, तरणी पोर परक्या तरण्या बाप्याकडं रानात कशाला गेली? संध्याकाळपर्यंत गावाच्या तोंडी नाव झालं असतं, परीक्षा गेली असती चुलीत आणि वैशाखात बोहल्यावर. यात खोटं काहीच नव्हतं. ती पास झाली, पुण्याला कॉलेजात आली, शिकली, लग्न केलं, नोकरी लागली. मल्हारचा गुडघा पुन्हा सरळ झाला नाही. दवाखान्यात त्यानं जबाब दिला की आम्हीच न विचारता मेंढरं घातली, कुणाचा शब्द घेतला नव्हता. भ्याला असेल, किंवा शुद्धीत नसेल, असं सुलक्षणा धरून चालली. लंगड्या पायानं कळपामागं जाता येत नाही. मेंढरं गेली, कोळपे कवठ्याला कोरडवाहू तुकड्यावर राहिले, आणि तिच्या माहेरी कुणी न विचारता आत शिरलं की म्हणायची रीत पडली, ‘कोळप्यागत घुसला’. ती स्वतःही एकदा तसं म्हणून गेली होती. म्हटल्यावर जिभेला मिरची लागल्यासारखं झालं, पण म्हणून गेली होती.

शिरूरला घोडनदीच्या बाजूला मुलींच्या एका वसतिगृहाचा हॉल मिळाला होता. चौदा मुली आल्या, सात-सात. पहिल्या दिवशी दोन सतरंज्यांवर दोन फळ्या धरून बसल्या, मध्ये कालवा असल्यासारख्या. सुलक्षणानं उभं राहून सांगून टाकलं की मी यवतकडचीच, विश्वजीत माझा भाऊ, आणि ही राजश्री माझी भाची. सांगताना आपण किती सरळ वागतोय असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच शिसारीही आली. पूनम तिसरी बसली होती. काळीसावळी, नाक सरळ, केसांची एक घट्ट वेणी. तिच्या कपाळाकडं सुलक्षणाला बघवेना. पोर मात्र टक लावून हिच्याकडं बघत होती. तिच्या शेजारी तिची चुलत बहीण धनश्री बसलेली, ती सारखी पूनमच्या कानाशी लागायची आणि पूनम नुसती मान हलवायची. हिला ठाऊक आहे, असं एकदा वाटे. छे, तीन वर्षांच्या पोरीला काय आठवणार, असं लगेच दुसरं वाटे. बोलायला हवं, आज संध्याकाळी बोलू, जेवणानंतर बोलू, असं करत दुसरा दिवस उजाडला.

बोलण्याचा नियमही सुलक्षणानंच घातला होता. ऐकीव बोलायचं नाही, जे स्वतः पाहिलं तेच सांगायचं. नियम चांगलाच होता. पहिल्या दिवसाची अर्धी भांडणं त्यानंच मिटली. ‘तुमची मान्सं अशी’, ‘तुमची तशी’ असं कुणी सुरू केलं की बाकीच्याच ओरडायच्या, “पाह्यलंस का?” हळूहळू पोरी हसायला लागल्या, एकमेकींच्या बांगड्या बघायला लागल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी राजश्री उभी राहिली. गोरीपान, धीट, बोलायला वकील. बापावर फार जीव तिचा.

“माझ्या वडिलांना ह्यांच्याकडं मारकुटा म्हणतात,” ती पूनमकडं बघत म्हणाली. “पण सुरुवात कुणी केली? न विचारता आमच्या रानात कळप घातला. हिच्या वडिलांनीच घातला. त्यांनी तसं लिहून दिलंय.”

“तू पाह्यलंस का?” धनश्री फटकन म्हणाली.

“मी तेव्हा दोन वर्षांची होते.”

“मंग नियम काय हाय?”

खसखस पिकली. पूनम हसली नाही. ती शांतपणे उठली, ओढणी नीट केली आणि म्हणाली, “नियम बराबर हाय. ज्यानं पाह्यलं त्यानंच बोलावं. ती दोन वर्सांची व्हती, मी तीन वर्सांची. हितं त्या दिवशी पाह्यलेलं कोन हाय?”

पंखा कुरकुरत होता. पूनम सुलक्षणाकडं बघतही नव्हती, खाली सतरंजीकडं बघत होती, आणि तेच जास्त बोचलं. ती मागच्या दाराची फळी सुलक्षणाच्या हाताला पुन्हा लागली, तिची ती खरबरीत गाठ, तिच्यावरचा तेलाचा डाग. अजूनही सरकता येईल. ‘चला, चहाची वेळ झाली’ म्हटलं की झालं, पोरी उठतील. तिनं तोंड उघडलं ते चहाचं म्हणायलाच. देवाशपथ, चहाचंच म्हणणार होती.

“मी पाह्यलंय,” ती म्हणाली. “मल्हारनं विचारलं होतं. अंगणात येऊन विचारलं. घरात कोणी नव्हतं, मी म्हणाले, माझा शब्द घ्या. हळद पण मीच लावली बांधावर जाऊन. सकाळी विश्वजीतदादा मारायला लागला तेव्हा मी दाराआड उभी होते. मी बाहेर आले नाही. हवालदारानं विचारलं तेव्हाही बोलले नाही. मल्हारनं काही चोरून केलं नव्हतं.”

“आत्या, काय बोलतेस तू?” राजश्रीचा आवाज चिरकला. “आई गं! पप्पांना माहितीये हे?”

“नाही. कुणालाच नाही.”

“मला ठाव हाय,” पूनम म्हणाली.

सुलक्षणानं मान वर केली.

“आजीनं सांगितलं. म्हंजी आत्ता, हितं यायच्या आधी. यादीतलं तुमचं आन् इश्वजीतच्या पोरीचं नाव मी वाचून दावलं तवा.” पूनम थांबली नाही. “बा पडला तवा आजीला म्हनला, आये, आधी मेंढीची हळद पूस. लोक येतील, हळद बघतील, इच्यारतील कुनी लावली. पोरगी घरात एकटी व्हती, तिचं नाव जाईल. म्हून आजीनं पदरानं पुसली. आन् माझं कपाळबी पुसलं. हवालदाराम्होरं बा म्हनला, आम्हीच घातली. माझा बा भ्याला न्हवता, ताई. त्यानं तुमच्याकडं बघून तोंड मिटलं.”

खोलीतला प्रत्येक आवाज सुलक्षणाला वेगळा ऐकू येत होता. पंखा, बाहेर भांडी घासणं, कुणाच्या तरी बांगड्या. म्हणजे मेंढीला कुरवाळत नव्हती ती बाई. आणि आपण इतकी वर्षं वर्गावर्गातून सांगत फिरलो, जनावरावर जीव म्हणून! आपलं गुपित नशिबानं टिकलं असं समजत राहिलो, आणि ते टिकवायला एक माणूस आपला पाय आणि आपलं नाव देऊन बसला होता. तिला रडू आलं, पण इथं रडणंही फुकटचं वाटलं, ते तिनं गिळलं.

“मला माफ...” ती सुरू झाली.

“ऱ्हाऊ द्या,” पूनम म्हणाली. “आजी म्हनली व्हती, तिनं आपनहून सांगितलं तर ऐकून घे. न्हाई सांगितलं तर तूबी सांगू नको, बाईमानसाची अब्रू असती. काल दिसभर मी गप ऱ्हायले. आजबी गपच घरी गेले असते. लई राग आला व्हता मला आजीचा.” तिनं डोळे पुसले, मनगटानं, खसकन. “आता एकच सांगा. माझ्या बापाला कुनी चोर म्हनलं, तर तुमचं नाव सांगू का?”

साधा प्रश्न. हो किंवा नाही. आणि इतकं सगळं सांगून बसलेल्या सुलक्षणाच्या जिभेवर त्याही वेळी उत्तर लगेच आलं नाही, हे तिला कधीच विसरता येणार नव्हतं. विश्वजीतचं तोंड दिसलं, सत्तरीचे बापूसाहेब दिसले, चावडीपुढं बसणारी माणसं दिसली. आई म्हणेल, गाडलेलं मढं उकरून काय मिळवलंस? समोर राजश्री गुडघ्यात तोंड घालून बसली होती, आणि धनश्रीनं, कोण कुठली धनश्री, तिच्या पाठीवर हात ठेवला होता.

“सांग,” सुलक्षणा म्हणाली. “दादाला आज मीच सांगते. यवतची गाडी धरते इथून.”

पूनम पुढं आली. सुलक्षणाच्या पदराला टाचलेली चिठ्ठी तिनं बोटानं उचलून वाचली. “ह्यावर नुसतं सुलक्षणाताई हाय. अशा पन्नास असत्यात. पुरतं लिवून द्या. बापाचं, गावाचं.”

स्केचपेन पर्समध्येच होतं. सुलक्षणानं कोरी चिठ्ठी गुडघ्यावर ठेवली आणि माहेरचं अख्खं नाव लिहिलं, सतरा वर्षांची असताना वहीवर लिहायची तसं, खाली गाव आणि तालुका दौंड. अक्षर वाकडं आलं. पूनमनं चिठ्ठी घेतली, फुंकर मारून शाई वाळवली, स्वतःच्या नावाच्या चिठ्ठीखाली ओढणीला टाचली आणि चहा प्यायला बाहेर गेली.